शिकवणाऱ्याने गाऊन दाखवावे काय?

जो विद्या शिकवतो, त्याने ती स्वतः करून दाखवली पाहिजे की नाही, हा वाद जुनाच आहे. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फ-शिक्षकांच्या संघटनेने त्याचे रोखठोक उत्तर दिले. सभासदत्व हवे असेल त्याने आधी मैदानात उतरून ठराविक फटक्यांत खेळ पुरा करावा, असा दंडक तिने घातला. आमच्याकडे हा प्रश्न गोल्फच्या हिरवळीपेक्षा गाण्याच्या बैठकीत अधिक जिव्हाळ्याचा ठरतो आणि त्याचा विचार करताना दृष्टी माळव्याकडे वळते.

धार आणि देवास ही तेथील पवारांची मराठी संस्थाने. त्यांपैकी देवासात रजबअली खाँसाहेब राहिले. तेजस्वी तानांनी मैफल जिंकणाऱ्या या उस्तादाने निवृत्तीबुवा सरनाईकांसारखा शिष्यही घडवला. पण त्याच देवासात कुमार गंधर्व क्षयाने अंथरुणाला खिळले होते आणि काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. त्या काळात एखाद्या परीक्षकाने ‘गाऊन दाखवा’ म्हटले असते, तर कुमारजी अनुत्तीर्ण ठरले असते! त्यांचे मुंबईतील गुरू प्रा. बी. आर. देवधर यांची कीर्तीही मैफलीपेक्षा विद्यादानामुळेच अधिक झाली. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज माळव्यातीलच आमलेटा संस्थानात असताना बिघडला. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोमंतकाच्या कन्या त्यांच्याकडे शिकल्या, त्या त्यानंतरच.

तेव्हा मैफल गाजवणे ही गुरुत्वाची कसोटी नव्हे. परंतु म्हणून कसोटीच नको, असे म्हणणे आत्मघातकी ठरेल. या सर्वांनी कधीकाळी स्वतःचा गळा झिजवला होता. शिष्याचा स्वर नेमका कोठे ढळतो, हे त्यांना पोथीवरून नव्हे, तर स्वानुभवावरून कळत होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत संगीताच्या सहायक प्राध्यापकपदासाठी दोन वाटा आहेत. एक पदव्युत्तर पदवी आणि ‘नेट’ किंवा पीएच.डी. यांची, तर दुसरी आकाशवाणी-दूरदर्शनच्या ‘अ’ श्रेणीच्या कलावंतांची. कलावंताने आपला विषय तर्कशुद्ध रीतीने समजावून देता येतो हे सिद्ध करावे, अशी रास्त अट तेथे आहे. मग पदवीधराने गाऊन दाखवावे, अशी अट का नसावी? ‘नेट’ ही तर केवळ लेखी परीक्षा. तीत गळ्याला काहीच काम नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. नेमणुकीपूर्वी प्रत्येक संगीतशिक्षकाने जाणकारांसमोर गावे आणि एखाद्या नवशिक्या विद्यार्थ्याला तेथेच पाठ द्यावा. ही परीक्षा एकदाच व्हावी. पुढे वयाने वा आजाराने आवाज गेला, तरी त्याचे गुरुपद जाऊ नये. ज्या गोमंतकाने देशाला एवढे थोर गळे दिले, त्या गोमंतकाने तरी आपल्या मुलांना केवळ प्रमाणपत्रांच्या हवाली करू नये.