वारा ढकलतो कमी, ओढतो जास्त

देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, पायथ्याशी कुमार गंधर्वांचं ‘भानुकुल’. पायऱ्या चढत गेलं की वारा वाढतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. नवल आहे ते वेगळंच. हा वारा माथ्यावरच्या भिंतीला किती जोरानं रेटेल, हे पुण्यात बसून कागदावर काढता येतं आणि उत्तर चक्क किलोत मिळतं.

भारतीय मानक 875 च्या भाग 3 मध्ये देशाचा एक नकाशा आहे. त्यात वाऱ्याचे सहा पट्टे: सेकंदाला 33, 39, 44, 47, 50 आणि 55 मीटर. पुणे, नाशिक आणि भोपाळ 39 मध्ये. मुंबई 44 मध्ये, आणि समुद्राचं तोंडही न पाहिलेलं नागपूरही 44 मध्येच. सगळ्यात वरचा 55 चा आकडा बिहारमधल्या दरभंग्याच्या वाट्याला आला आहे. देवास-धारसाठी आपण शेजारच्या भोपाळचा 39 धरू. हा काही रोजचा वारा नव्हे. मोकळ्या माळावर, जमिनीपासून 10 मीटर उंचीवर, जेमतेम तीन सेकंद टिकणारा आणि सरासरी 50 वर्षांतून एकदा येणारा हा झोत. ताशी 140 किलोमीटर.

आता गणित. वेगाचा वर्ग करायचा आणि 0.6 नं गुणायचं, बस्स. 39 गुणिले 39 गुणिले 0.6 म्हणजे चौरस मीटरला सुमारे 913 न्यूटन, म्हणजेच 93 किलोंचा रेटा. एका चौरस मीटरवर एक धट्टाकट्टा माणूस रेलून उभा आहे असं समजा. हे 0.6 कुठून आलं? एक घनमीटर हवा सुमारे 1.2 किलो भरते, त्याचं निम्मं. हवेला वजन असतं हे शाळेत वाचलेलं असतं, पण ते अंगावर येतं ते इथे. आणि वर्ग का, तर वारा दुप्पट झाला की दर सेकंदाला दुप्पट हवा भिंतीवर आदळते आणि प्रत्येक कण दुप्पट वेगानं आदळतो. दोन दुणे चार. म्हणून वादळाच्या बातमीत वेग दहावीस किलोमीटरनं वाढला तर आपण मान डोलावतो, आणि इंजिनिअरच्या पोटात गोळा येतो.

टेकडी या हिशेबात आणखी भर घालते. समोरून आलेल्या हवेला चढावर जागा अपुरी पडते, तेवढीच हवा माथ्यावरून जायची तर तिला वेग वाढवावाच लागतो. चढ 17 अंशांहून खडा असेल तर माथ्यालगत मानक वेगाला जास्तीत जास्त 1.36 नं गुणायला सांगतं. 39 चे 53 होतात आणि रेटा 93 किलोंवरून 172 वर जातो. पायथ्याच्या घराला आणि माथ्यावरच्या देवळाला एकच वारा जवळजवळ दुपटीच्या फरकानं भेटतो. देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच जादा वेगासाठी. पवनचक्कीला मिळणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते, त्यामुळे 1.36 पट वाऱ्यात अडीचपट शक्ती. बांधणाऱ्याची डोकेदुखी ती वीजवाल्याची कमाई.

पण खरी गंमत छपरावर आहे. वारा घर पाडतो म्हणजे ढकलून पाडतो, असं आपल्याला वाटतं. छप्पर मात्र तो बहुधा वर ओढतो. भिंतीवर आपटून वर उसळलेली हवा छपराच्या कडेशी एकदम वळू शकत नाही. ती पृष्ठभाग सोडून उडते आणि तिच्याखाली दाब घटतो. फारसा उतार नसलेल्या ठेंगण्या छपरासाठी ही ओढ मूळ रेट्याच्या 0.9 पट धरतात. त्यात वाऱ्याकडचं मोठं दार उघडं राहिलं तर आत शिरलेली हवा खालून 0.7 पट वर ढकलते. दोन्ही मिळून 1.6 पट, म्हणजे माळावरच्या घरात चौरस मीटरला 149 किलो. (मानक काही सवलतीही देतं, त्या इथे सोडून देऊ.) पत्र्याचं स्वतःचं वजन? चौरस मीटरला पाचेक किलो. मे-जूनच्या आंधीत आजी ‘आधी दार लावा’ म्हणून ओरडते, तेव्हा ती अख्ख्या मानकातलं सगळ्यात कामाचं कलम सांगत असते. पत्र्यावर ठेवलेल्या दोनचार दगडांवर माझा तरी फार विश्वास नाही. पत्रा खाली बांधलेला हवा, आणि ज्या वाशाला बांधला तो वासाही भिंतीत धरलेला हवा.

धार जिल्ह्यातल्या मांडूला जाऊन रूपमती मंडप पाहा. पठाराच्या थेट काठावर, पलीकडे निमाडचा खोल उतार. वाऱ्याला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही, आणि वरचे घुमट शतकानुशतकं जागच्या जागी आहेत. दगड-चुन्याचं फूटभर जाडीचं बांधकाम चौरस मीटरला सहाशे-सातशे किलो भरतं, त्याला दीड-दोनशे किलोंची ओढ जाणवतही नाही. जुन्या गवंड्यांनी वाऱ्याचं गणित मांडलं नसेल, पण वजनानं ते आपसूक सुटलं. उलट देवासच्या शेजारी उज्जैनला, महाकाल लोकमध्ये, 28 मे 2023 रोजी वादळी वाऱ्यात सप्तर्षींच्या सातांपैकी सहा मूर्ती कोसळल्या. त्या फायबरच्या होत्या. आकार दगडी मूर्तीचा, वजन मात्र नाही, आणि वारा मोजतो तो आकार. हलकं बांधणं हा दोष नव्हे. हलकं बांधलं की सगळी भिस्त पायाशी धरून ठेवण्यावर येते, एवढंच.

धार शहरात लाट मशिदीपाशी लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत, परंपरेनं राजा भोजाच्या काळातले मानलेले. एकापुढे एक ठेवले तर लांबी 13 मीटरच्या वर, म्हणजे दिल्लीच्या लोहस्तंभाहून कितीतरी जास्त. तो मोडला कसा? वाऱ्यावर संशय घेऊन पाहू. जाडी सुमारे 28 सेंटिमीटर, म्हणून समोरचं क्षेत्रफळ 3.7 चौरस मीटर. चौकोनी खांबाला 93 किलोंचा रेटा साधारण दुप्पट लागू होतो. एकूण झाले 700 किलो. सात टनांचा हा खांब नुसता जमिनीवर टेकवला असता तर तेवढ्यानं आडवा झाला असता, तेव्हा तो खोल गाडलेला किंवा दगडांत पक्का बसवलेला असणारच. तसा बसवल्यावर मात्र मुळाशी येणारा ताण चौरस सेंटिमीटरला 125 किलोंच्या आसपास, आणि घडीव लोखंड याच्या दहापट सहज सोसतं. वारा निर्दोष सुटतो.

1617 मध्ये धारला आलेल्या जहांगीरच्या आठवणींत खुलासा आहे: गुजरातच्या बहादूरशहाला हा खांब आपल्याकडे न्यायचा होता, उतरवताना तो पडून मोडला. जहांगीरनं स्वतःही तुटलेला तुकडा आग्र्याला हलवण्याचा हुकूम दिला होता. तुकडे आजही धारमध्येच आहेत.