आंघोळीतली चक्कर आणि गॅस गिझर

थंडी पडू लागली की विश्रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. आंघोळ करताना गरगरले, पाय लटपटले, डोके जड झाले. कोणी पित्ताला दोष देतो, कोणी उपवासाला, कोणी ‘बी.पी. लो झालं असेल’ म्हणतो. मी विचारतो, पाणी कशावर तापवता? उत्तर पुष्कळदा ‘गॅस गिझर’ असे येते आणि तो बाथरूमच्या आतच टांगलेला असतो.

पूर्वी पाणी बंबात तापे. बंब बहुधा परसात असे आणि धूर डोळ्यांना झोंबला की माणूस आपोआप बाजूला होई. गिझरमुळे तीच चूल बाथरूमच्या भिंतीवर आली, इशारा देणारा धूर मात्र गेला. भरपूर हवेत गॅस जळला की कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. लहानशा बंद खोलीत प्राणवायू कमी पडला की त्याच ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळतो तेव्हा येणारा वास मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो, तो ज्योतीत जळून जातो. म्हणून ‘वास तर आला नाही’ या समजुतीवर विसंबू नये. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुडघ्यातले बळ जाते. दाराची कडी काढायचे सुचते, पण हात उचलत नाही. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत एक शाळकरी मुलगी अशीच दगावली.

दिवाळीच्या पहाटे घरातले सगळे पाठोपाठ न्हातात. गिझर तासभर चालतो, हवा प्रत्येकागणिक बिघडत जाते आणि सर्वांत शेवटी आत जाते ती घरातली बाई. गरोदर असेल तर पोटातल्या बाळालाही धोका.

आता गिझरच्या तक्रारींकडे वळू. टिकटिक आवाज येतो पण ज्योत पेटत नाही, तर बहुधा सेल उतरलेले असतात. तसा आवाजही नसेल, तर सेल पार संपलेले किंवा पाण्याला जोर नाही. टाकी जेमतेम डोक्यावर असली की वरच्या मजल्यावर असे होते. बोअरच्या जड पाण्याने आतल्या नळीत क्षार साचतात आणि पाणी नीट तापत नाही. ही कामे मिस्त्रीची. माणसाला त्यांत सहसा अपाय नाही. पण ज्योत निळी न राहता पिवळी दिसू लागली, वर काजळी धरली किंवा पेटताना ‘धप्प’ असा आवाज झाला, तर गिझर त्याच दिवशी बंद ठेवावा. बर्नरमध्ये धूळ, जळमटे अडकली की असे होते. अर्थात ज्योत निळीशार असली तरी कोंडलेल्या खोलीत भरवसा नाही. थंडी लागते म्हणून झरोक्याला प्लॅस्टिक लावणारे महाभाग मी पाहिले आहेत! नुसता एक्झॉस्ट पंखा बसवूनही भागत नाही. दाराखालून ताजी हवा आत यायला वाट हवी.

खरा उपाय एकच. गिझर बाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. तोपर्यंत बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि मगच आंघोळीला जावे.

आतून हाकेला ओ आली नाही, तर दार फोडा, माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, मग गॅस बंद करा. हातपाय ताठले म्हणजे फिट आली असे समजून कांदा हुंगवत बसू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा. खरे औषध प्राणवायूच; साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास. रुग्णालयात पाऊल टाकताच ‘घरात गॅस गिझर आहे’ एवढे जरूर सांगा, कारण कोरोनापासून घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र या विषबाधेतही ९८ दाखवू शकते.