दिव्याचा वाटा आधी

पहाटे 5.30
जानेवारीत आंजीला (मोठी) सूर्य उगवायला सातेक वाजतात. वर्ध्याकडे निघायचं तर पहिला तासभर दिव्याचाच. माझ्या सायकलीच्या पुढच्या चाकाच्या हबमध्येच डायनामो आहे. आत चुंबकं आणि तारेचं वेटोळं. चाक फिरलं की वीज. 6 व्होल्ट, 3 वॉट. टायरला घासून फिरणाऱ्या जुन्या डायनामोचंही माप हेच असायचं, पण तो चिखलात घसरायचा आणि पाय जड करायचा. तेव्हाचा बल्ब तेवढ्या विजेत पिवळट उजेड द्यायचा. आजचा एलईडी तेवढ्यातच पुढचा खड्डा दाखवतो.

सकाळी 7.15
उजाडलं. पुढचा दिवा बंद आणि डायनामोची वीज यूएसबी चार्जरकडे. दोन्ही एकाच वेळी भागत नाही. ताशी पंधरा-वीसच्या वेगाला अडीचेक वॉट हाती लागतात. 5000 एमएएचच्या फोनमध्ये साधारण 19 वॉट-तास मावतात, म्हणजे तीन तास चालवून त्याचा तिसरा हिस्सा भरतो. वर्ध्यातल्या गर्दीत वेग दहाच्या खाली आला की तेही नाही. म्हणून डायनामोला फोन न जोडता पॉवर बँक जोडतो. वीज तुटत-जोडत आली तरी ती साठवत राहते.

सकाळी 9.30
सेवाग्राम. आश्रमात फोन बंद ठेवतो. नकाशा रात्रीच उतरवून घेतलेला असतो. रेंज शोधत राहणारा फोन खिशात पडल्या पडल्याही बॅटरी खातो.

दुपारी 12
पवनारला धाम नदीच्या काठी जेवण. घडीचं सोलर पॅनल उघडायची हीच वेळ. त्यावर 10 वॉट लिहिलेलं असलं तरी चांगल्या उन्हात सहा-सात मिळाले तर खूप. कॅरिअरवर बांधून चालताना त्याहून कमी, कारण कोन सतत बदलतो. पॅनल उन्हात, पण पॉवर बँक झाडाखालीच. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि विदर्भाच्या मे महिन्यात एवढा पारा सावलीतही चढतो.

दुपारी 3.30
टपरीवर चहा. “भाऊ, चार्जिंगला लावू का?”
“लावा ना. पण लाईन कधी जाईन, सांगता येत नाही.”
अर्ध्या तासात या पॉइंटवरून जेवढं मिळतं, तेवढं डायनामो दोन-तीन तासांत देतो. म्हणून मागायला मी लाजत नाही.

संध्याकाळी 6.15
आर्वी रस्त्याने परत. कापसाच्या ट्रॉल्या, बिनदिव्याच्या बैलगाड्या. इथे मागचा लाल दिवा सगळ्यात मोलाचा. त्यातला कपॅसिटर सायकल थांबल्यावरही काही मिनिटं तो पेटता ठेवतो. जर्मनीत 2013 पर्यंत बहुतेक सायकलींना डायनामो सक्तीचा होता. ती सक्ती का होती, ते या रस्त्यावर अंधार पडला की पटतं: संपलेल्या बॅटरीचा दिवा नसल्यासारखाच, डायनामोचा दिवा मात्र चाक फिरेल तोवर जळतो.

रात्री 9
आंजीत मुक्काम. हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी बॅटरी घेऊन निघालेत. पंपाची लाईन रात्रीची आहे. उजेडाची किंमत त्यांना कोणी सांगायला नको. मी लाईन आहे तोवर आधी पॉवर बँक भरतो, मग फोन. 10,000 एमएएचच्या बँकेत 37 वॉट-तास असतात. वाटेतली घट धरून फोन दीडदा भरतो. वाटणी ठरलेली आहे: मागचा दिवा, पुढचा दिवा, मग फोन, शेवटी कॅमेरा. फोटो राहिला तर चालेल. ट्रॉलीवाल्याला मी दिसलोच पाहिजे.