'छान झालाय' म्हणण्याआधी

आपल्या घरांतून 'छान' हा शब्द मिठासारखा वापरतात, प्रत्येक गोष्टीत चिमूटभर. रुखवत छान, मुंजीतला मठ्ठा छान, नव्या सुनेची रांगोळी छान. त्यात खोटेपणा असतो असे मी म्हणणार नाही. समोरच्या माणसाने कष्ट केलेले असतात, त्याचे मन राखावे एवढाच हेतू असतो. पण ज्याला आपले काम खरोखर सुधारायचे आहे, त्याच्या पदरात या शब्दाने काहीच पडत नाही. मठ्ठ्यात मीठ कमी पडले की आले जास्त झाले, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे लघुपट. हल्ली कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, सोसायटीच्या गणपतीसाठी, नाहीतर नुसत्या हौसेसाठी मोबाईलवर लघुपट करणारे एकतरी माणूस प्रत्येक घरात असते. कोणाचा मुलगा, कोणाची जाऊ, कोणाचे निवृत्त सासरे! आणि हौसेच्या कामाला कमी लेखू नये. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' (२००९) हा लघुपट तेव्हाच्या अहमदनगरला शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेला होता, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा जेवणाच्या टेबलावर मोबाईल टेकवून "जरा बघा ना" म्हणणाऱ्या मुलाला आपण काय उत्तर देतो, याला महत्त्व आहे.

आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी गेल्या उन्हाळ्यात असाच चौदा मिनिटांचा लघुपट केला. वय अठ्ठेचाळीस, मुलगी परगावी शिकायला, घरात सासूबाई. सासूबाईंना विस्मरणाचा त्रास सुरू झालेला. त्यावरूनच गोष्ट सुचलेली. एक म्हातारी कपाटाची किल्ली कुठेतरी ठेवते, विसरते, आणि सुनेवर संशय घेते. शेवटी किल्ली कणकेच्या डब्यात सापडते. म्हातारीचे काम तळमजल्यावरच्या काकूंनी केले, सुनेचे वहिनींच्या भाचीने. एडिटिंग वहिनी स्वतः शिकल्या, दुपारी दोन ते चार, सासूबाई झोपल्या की. एका स्पर्धेला पाठवायचा म्हणून त्याआधी आम्हा आठ-दहा जणींना रविवारी बोलावून त्यांनी तो टीव्हीवर लावला. बटाटेवडे होतेच.

संपल्यावर काय झाले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. "छान!" "अगदी डोळ्यांत पाणी आलं हो." "काकू, तुम्ही तर सिनेमातच जा!" वहिनींचे यजमान मात्र एवढेच म्हणाले, "खर्च किती आला?"

वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पाठवल्यावर तो निवडला नाही तर का नाही निवडला, हे तिथं कोणी सांगायचं नाही. तुम्हीच सांगा. नक्की काय छान?"

खोली गप्प. खरी गंमत इथून पुढे सुरू झाली.

मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. निबंधाच्या वह्या तपासताना एक गोष्ट फार पाहिली आहे. ज्या पानावर नुसता लाल शेरा असतो, 'सुधारणा हवी' किंवा 'उत्तम', ते पान मुले उलटतात. पण समासात 'इथे आजोबा गावाला गेले होते ना, मग आता घरात कसे आले?' असे लिहिले, तर मूल थांबते, मागे जाऊन वाचते, आणि स्वतःच खोडते. शेरा मुलाविषयी असतो. प्रश्न निबंधाविषयी असतो. लघुपटाचेही तसेच. "आवाज बेकार" म्हणून काही साधत नाही. "चौथ्या मिनिटाला स्वयंपाकघरात सून काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही" असे म्हटले की करणाऱ्याला कुठे हात घालायचा ते समजते.

लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास यासाठी एक पद्धतच बसवली. आधी पाहणाऱ्यांनी कशाने मन वेधले, काय लक्षात राहिले ते सांगायचे. मग कलावंताने पाहणाऱ्यांना प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्यांनी कलावंताला, पण ज्यात टोमणा दडलेला नाही असे प्रश्न. आणि मत अगदी शेवटी, तेही "याविषयी माझं एक मत आहे, सांगू का?" असे विचारून. आपल्याकडे शेजारणीला अशी परवानगी मागितली तर ती आधी हसेल, हे मला ठाऊक आहे. "इश्श, आता एवढं काय!" म्हणेल. पण तो क्रम मोलाचा आहे. विशेषतः टोमणा नसलेला प्रश्न. "एवढा अंधार कशाला केलाय?" हा प्रश्न नव्हे, ती तक्रार. "या प्रसंगात उजेड किती असावा असं तुमच्या मनात होतं?" हा प्रश्न. हे जमायला सवय लागते, आणि घरातल्या माणसांच्या बाबतीत तर फारच लागते.

त्या दुपारी पहिले नेमके बोलणे झाले ते आवाजावर. स्वयंपाकघरातल्या प्रसंगात पंखा चालू होता आणि पलीकडच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. आपला कान नको ते आवाज बाजूला सारून माणसाचे बोलणे टिपतो. मोबाईलच्या माईकला ती निवड येत नाही. त्याला पंखा आणि संवाद सारखेच. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने तोड सांगितली. दुसरा मोबाईल बोलणाऱ्या माणसाच्या जवळ, टेबलावर भांड्याआड ठेवून त्यात आवाज वेगळा घ्यायचा, सुरुवातीला एक टाळी वाजवायची आणि नंतर ती टाळी धरून आवाज चित्राशी जुळवायचा. पैसा लागत नाही. पंखा अर्थातच बंद. घाम येईल तो येईल!

बैठकीच्या खोलीत ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर काळसर पट्टे सरकत होते, तेही तिनेच दाखवले. आपल्याकडे घरात येणारी वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. मोबाईलमध्ये सेकंदाला ३० ऐवजी २५ चित्रे आणि शटर १/५० ठेवले की बहुधा पट्टे जातात. पार्श्वसंगीत म्हणून एका जुन्या सिनेमातली गाण्याची धून घातली होती. ती काढायला हवी यावर वाद नव्हता, दुसऱ्याच्या मालकीची चीज विचारल्याशिवाय स्पर्धेला कशी पाठवणार?

आता शेवटाची गोष्ट. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई धीर करून म्हणाल्या, "मला शेवट लांबला असं वाटलं. कंटाळा आला." लगेच तिघीचौघींनी माना हलवल्या. झाले, शेवट कापायचा असे सर्वानुमते ठरू लागले.

वॉल्टर मर्च हे हॉलिवूडचे नामांकित संकलक. 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) साठी त्यांना संकलन आणि ध्वनी अशी दोन्ही ऑस्कर मिळाली. त्यांनी आपल्या पुस्तकात प्रेक्षकांच्या मतांविषयी एक फार शहाणपणाचा दाखला दिला आहे. रोगी म्हणतो कोपर दुखतंय, पण मूळ दुखणे खांद्यात असू शकते. कोपरावर शस्त्रक्रिया करून काय उपयोग? प्रेक्षक दुखते ती जागा खरीच सांगतो. मूळ कुठे आहे ते शोधणे हे करणाऱ्याचे काम.

वहिनींनी मर्च वाचलेले नव्हते, पण त्यांनी नेमके तेच केले. त्यांनी विचारले, "किल्ली डब्यातून निघाली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" उत्तरे मजेदार होती. एकीला वाटले सुनेनेच लपवली होती. दुसरीला ती किल्ली कुठली हेच कळले नव्हते. तिसरी म्हणाली, "डबा? मी डबा बघितलाच नाही." मग लघुपट पुन्हा लावला. दुसऱ्या मिनिटाला म्हातारी किल्ली कणकेत खुपसते तो शॉट जेमतेम दीड सेकंदाचा होता, आणि अंधारातला. जे पेरलेलेच दिसले नाही ते उगवले म्हणून कोणाला आनंद होणार? शेवट लांब नव्हताच. सुरुवात तोकडी होती. वहिनींनी शेवटाला हात लावला नाही. डब्याचा शॉट खिडकीच्या उजेडात, चांगला सहा सेकंदांचा, पुन्हा घेतला.

म्हणून मला वाटते की पाहणाऱ्याने 'इथे माझे लक्ष उडाले' एवढे अवश्य सांगावे, 'मग तू असं कर' हे जरा कमी सांगावे. आपल्याला उपाय सांगायची भारी हौस असते. त्या दिवशीही एकीने सुचवले की शेवटी मुलगा परदेशातून येतो असे दाखवा!

एवढे सगळे होईपर्यंत वहिनी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. मांडीवर दोनशे पानी वही, त्यात मिनिट आणि कोण काय म्हणाले ते. "त्या दिवशी पाऊस होता," "भाचीला ताप होता," असली कारणे त्यांच्यापाशी ढीगभर होती, हे मला नंतर कळले. एकही सांगितले नाही. परीक्षकांच्या शेजारी जाऊन कारणे सांगायला आपण थोड्याच बसणार आहोत! ऐकणाऱ्याचे काम बोलणाऱ्यापेक्षा अवघड आहे. कारण देण्याची ऊर्मी आतून उकळीसारखी येते, आणि एकदा का करणारी बाई समर्थन करू लागली की बाकीच्या ताबडतोब 'छान'वर परत जातात.

पण एका शॉटपाशी वहीही थांबली.

मधे एक दृश्य होते. दाराच्या फटीतून घेतलेले. एक म्हातारी पाठमोरी, कपाटासमोर, एकेक कपडा बाहेर काढते आहे, केस सुटलेले, पदर ढळलेला. ती काकू नव्हती. त्या खऱ्या सासूबाई होत्या. सगळ्यांनी त्याच शॉटचे सर्वांत जास्त कौतुक केले होते. "हे बाकी अगदी खरं वाटतं!" खरेच होते ते, वाटायचे काय? वहिनींची नणंद त्या दिवशी आलेली होती. ती इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसली होती. तिने शांतपणे विचारले, "वहिनी, हे घेताना आईला विचारलं होतंस?"

त्या प्रश्नात टोमणा होता की नव्हता, मला अजून सांगता येत नाही. सून-नणंद म्हटल्यावर चार बायकांच्या मनात काय यायचे ते आलेच. वड्यांची ताटली उगाच फिरली. वहिनींनी मान खाली घालून लिहिले, आणि "नाही," म्हणाल्या.

त्या नणंदेचे बोलणे कलेविषयी नव्हते असे कोणी म्हणेल. मला वाटते त्या दुपारचे सर्वांत कामाचे बोलणे तेच होते. फोकस, आवाज, लांबी यांवर बोलणे सोपे असते. पडद्यावरचे माणूस कोण आहे, त्याला हे चालेल का, हे विचारायला नात्याची किंमत मोजायची तयारी लागते. आणि घरगुती लघुपटांत तर माणसे घरचीच असतात. रडणारे मूल, आजारी आजोबा, दमलेली आई, कॅमेरा हाताशी असतो आणि ती 'नाही' म्हणू शकत नाहीत.

आठवडाभर वहिनी नणंदेशी नीट बोलल्या नाहीत. मग एके दिवशी, सासूबाईंचे लक्ष ठिकाणावर होते अशा सकाळी, त्यांना शेजारी बसवून तो शॉट दाखवला. सासूबाईंनी पूर्ण पाहिला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगायचं तरी मला. चांगलं पातळ नेसले असते."

वहिनींनी तो शॉट काढला. त्याच्या जागी सासूबाई खिडकीपाशी बसल्या आहेत, इरकली नेसून, केस नीट विंचरलेले, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि प्रत्येक किल्ली निरखून पाहताहेत, एवढेच आहे. त्यांनी स्वतःच ते सुचवले म्हणे. सगळा लघुपट आता साडेअकरा मिनिटांचा झाला. पंखा बंद आहे, पट्टे गेले, परदेशातला मुलगा आलेला नाही.

दुसऱ्या खेपेला पुन्हा आम्हालाच बोलावले, नणंदेलाही. कोणाचे काय मत पडले ते सगळे इथे सांगत बसत नाही. बँकेतल्या बाईंना शेवट अजिबात लांब वाटला नाही. मात्र दोघींनी स्पष्ट सांगितले, "पहिला दारातला शॉट जास्त चांगला होता. यात ती तगमग नाही." माझे मत त्यांच्याविरुद्ध आहे, किल्ल्या निरखणाऱ्या त्या बोटांत मला तगमग पुरेपूर दिसली. वहिनींनी त्या दोघींचे म्हणणे तारीख घालून वहीत लिहून घेतले, आणि लघुपट आहे तसाच पाठवला.