‘काय करायलास?’ ते सॉफ्ट पॉवर

धर्माबादहून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी कळतात. एक, आपण ‘काय करायलास?’ म्हटलं की समोरचा हसतो. दोन, रूम बघायला गेलं की घरमालक भाड्याआधी गाव विचारतो. मग एखादा सिनियर भेटतो, चांगली मेस दाखवतो आणि शहर जरा आपलं वाटायला लागतं.

आता त्या पोराच्या जागी येमेन, सुदान किंवा अफगाणिस्तानातून आलेला मुलगा ठेवून बघा. भाषा वेगळी, जेवण वेगळं, सणाला घरी जायची सोय नाही. त्याला सिनियर भेटतो का?

हा प्रश्न देशाच्या धोरणाचाही आहे. धाक न दाखवता, पैसे न चारता दुसऱ्याला आपलंसं करण्याच्या ताकदीला अमेरिकी अभ्यासक जोसेफ नाय यांनी ‘सॉफ्ट पॉवर’ म्हटलं. ती कमवायचा एक जुना रस्ता म्हणजे परदेशी विद्यार्थी. अमेरिकेनं १९४६ मध्ये फुलब्राइट सुरू केली. सोव्हिएत रशियानं १९६० मध्ये आशिया-आफ्रिकेतल्या तरुणांसाठी मॉस्कोत विद्यापीठ काढलं. आपल्याकडे १९५० मध्ये मौलाना आझाद यांच्या पुढाकारानं ‘आयसीसीआर’ स्थापन झाली. तिच्या शिष्यवृत्तीवर आजही अनेक देशांतली मुलं येतात. सिमल्यात शिकलेले हमीद करझाई पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झाले. नातं असं वर्गातून सुरू होतं.

खिडकीतून दिसलेली गोष्ट

पुण्याचं उदाहरण तर जवळचंच. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी हॉस्टेलच्या खिडकीतून एका मुलाला काहीतरी देताना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, मुलगा मॉरिशसचा, कावीळ झालेला. ती त्याला जेवण आणून द्यायची. परदेशी मुलांची ही परवड बघून १९७१ मध्ये ‘सिम्बायोसिस’ उभी राहिली. एका डब्यातून एवढी मोठी संस्था!

जाणारे लाखात, येणारे हजारात

केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये भारतात १७० देशांतले ४६,८७८ विद्यार्थी शिकत होते. त्यात नेपाळचेच साधारण २८ टक्के. उलट २०२४ मध्ये बाहेर शिकणारे भारतीय होते १३ लाखांहून जास्त. आपल्या नांदेड-लातूरकडे ‘नीट’मध्ये सरकारी सीट हुकली की रशिया, किर्गिझस्तानची चौकशी सुरू होते, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. हे अंतर कमी व्हावं म्हणून २०१८ मध्ये ‘स्टडी इन इंडिया’ आलं, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही त्यावर भर आहे.

पण जाहिरातीनं मुलं येतील, टिकतील ती विश्वासावर. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबाननं काबूल घेतलं आणि भारतानं अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. सुरक्षेचं कारण होतं. पण कोरोनात घरी गेलेली, इथं प्रवेश असलेली मुलं तिकडेच अडकली. कित्येक वर्षांत कमावलेली पत अशा एका निर्णयानं पणाला लागते.

आपल्या हातात काय?

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येमेनची मुलं शिकतात. उद्या नांदेडच्या विद्यापीठातही अशी मुलं तुमच्या बाकावर असू शकतात. व्हिसा, फी, वसतिगृह हे सरकारनं आणि विद्यापीठानं बघावं. पण त्याला नावानं हाक मारायची की ‘ए काळ्या’ म्हणायचं, दिवाळीला घरी न्यायचं की रिकाम्या हॉस्टेलात सोडायचं, हे कुठल्या जीआरमध्ये नसतं. चार वर्षांनी तो परत जाईल तेव्हा ‘भारत कसा आहे?’ असं त्याला घरचे विचारतीलच. तो जे सांगेल, ते तुमच्याबद्दल असेल.

आपल्या बोलीवर कुणी हसलं की कसं वाटतं, हे आपल्याला माहीत आहे. मग वर्गात कोपऱ्यात एकटाच बसलेला कुणी दिसला, तर जाऊन एवढंच विचारा, ‘काय करायलास?’