‘जुना सिनेमा झेपणार नाही’ हे गृहीतक तपासायचं कसं?

कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्या स्टुडिओच्या जागेत आज एफटीआयआय आहे, आणि त्याच लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. तुमच्यापैकी कित्येक जण रोज तिथून जात असाल. तरी ‘कुंकू’ किंवा ‘संत तुकाराम’ बघूया म्हटलं की उत्तर ठरलेलं: “भारी आहे म्हणतात, पण आपल्याला नाही झेपणार.”

न पाहता बनलेलं मत म्हणजे गृहीतक. त्यात वाईट काही नाही, गृहीतकाशिवाय प्रयोगच होत नाही. गडबड होते ती त्याला निष्कर्ष समजल्यावर. मग ते नीट तपासू.

पहिली पायरी: सिग्नल आणि नॉइज वेगळे करा. मोबाईलवर, खरखरत्या आवाजाची प्रत, मध्ये चार वेळा व्हॉट्सॲप. कंटाळा आला तर तो सिनेमाचा की प्रतीचा, हे कळणार कसं? मिळेल ती सगळ्यात चांगली प्रत घ्या, हेडफोन लावा आणि एका बैठकीत बघा.

दुसरी पायरी: तुलना कशाशी करताय ते तपासा. भारतात बोलपट आला १९३१ मध्ये, ‘आलम आरा’मुळे. पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास गाणी होती. आणि १९३७ मध्ये व्ही. शांतारामांनी ‘कुंकू’त पार्श्वसंगीतच काढून टाकलं, ऐकू येतात ते प्रसंगातलेच आवाज. आजच्या सिनेमाशी तुलना केली तर हे सुनंसुनं वाटेल. त्या काळाशी केली तर कळतं, की ही उणीव नाही, निर्णय आहे. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. त्या घरातली शांतता ऐकूनच बघा.

तिसरी पायरी: एका नमुन्यावरून सगळ्यांबद्दल बोलू नका. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) त्याच कंपनीचा, पण जात वेगळी. व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली, हे कदाचित माहीत असेल. ते बाजूला ठेवा आणि गौरीने केलेली जिजाई बघा. मूल आजारी, घरात चणचण, आणि ही बाई पायताण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात जाते! ‘संतपट म्हणजे नुसतं भजन’ हे गृहीतक इथे अडखळतं.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची. बघायच्या आधीच एका ओळीत लिहून ठेवा: काय दिसलं तर मी मत बदलेन? नंतर निकष ठरवला की तो आपल्या सोयीने वाकतो. आणि नाही आवडला तर? चालेल की. नकारात्मक निष्कर्षसुद्धा निष्कर्षच. फक्त ‘बोअर झालं’ हा डेटा नाही. ‘या प्रसंगात, या कारणाने लक्ष उडालं’ हा डेटा. उलट बाजूही तपासा: ‘क्लासिक’ शिक्का आहे म्हणून मान डोलावणं हासुद्धा बायसच.

सिनेमापुरतंच असतं तर एवढं लिहिलं नसतं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी तुमच्यासमोर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा एखादा मूळ पेपर येईल. टाईपरायटरचा फॉन्ट, अनोळखी चिन्हं, धूसर स्कॅन. तो बंद करून एखाद्या नव्या पेपरच्या प्रस्तावनेतली त्याच्याबद्दलची ओळ लिटरेचर रिव्ह्यूमध्ये उतरवण्याचा मोह होतो. ती ओळ चुकीची असली तर तिच्यावर उभं केलेलं तीन-चार वर्षांचं काम डळमळतं. तिथेही याच चार पायऱ्या: बरी प्रत शोधा, त्या काळची साधनं काय होती ते बघा, एका पेपरवरून सगळे जुने पेपर निकालात काढू नका, आणि काय सापडलं तर मत बदलाल ते आधी लिहा.

सराव मात्र सिनेमापासून करा. इथे गृहीतक खरं निघालं तरी जाते ती फक्त एक संध्याकाळ.