सोशिकपणाची मर्यादा

‘नशिबीं आलें तें भोगलें पाहिजे’ हें वाक्य आमच्या घरांतून जितक्या वेळां उच्चारलें जातें, तितक्या वेळां तें विचारपूर्वक उच्चारलें जात असेल असें आम्हांस वाटत नाहीं. सासरीं मारहाण सोसून मुलगी माहेरीं येते. आईबाप तिला चार दिवस ठेवून घेतात, समजूत घालतात आणि पुन्हा पोंचवून येतात. यासच ते सोशिकपणा म्हणतात! आमच्या मतें हा सोशिकपणा नव्हे. कारण सोसणारी एक आणि सोशिकपणाचें पुण्य पदरीं बांधणारे दुसरे, असा हा व्यवहार आहे.

सोसणें सर्वस्वीं त्याज्य आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. झालेलें लग्न झालें नव्हतें असें होत नाहीं. जांवयाचा स्वभाव सासऱ्याच्या उपदेशानें पालटत नाहीं. हें ओळखून त्रागा सोडणें, हाच खरा स्वीकार होय. परंतु बुडालेली रक्कम बुडीत खातीं लिहिणें हा जसा व्यापाऱ्याचा शहाणपणा, तसा त्याच कुळास पुन्हा उधार देणें हा शहाणपणा कोण म्हणेल?

रखमाबाईंचें उदाहरण पाहावें. अकराव्या वर्षीं झालेल्या लग्नाच्या जोरावर नवऱ्यानें 1884 सालीं नांदण्यास येण्याबद्दल दावा लावला. मार्च 1887 मध्यें मुंबईच्या हायकोर्टानें नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंग भोगा, असा हुकूम केला. बाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली; सासर पत्करलें नाहीं. 1888 त दोन हजार रुपये देऊन तंटा मिटला. पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेस त्यांनीं रुग्णांची सेवा केली. शिक्षा सोसण्याचें धैर्य आणि अन्याय न सोसण्याचा निश्चय हीं दोन्हीं एकाच ठिकाणीं कशीं नांदतात, हें यावरून दिसेल.

आज कायदा त्या वेळेसारखा प्रतिकूल नाहीं. कौटुंबिक छळाविरुद्धच्या 2005 च्या कायद्यानें, घर कोणाच्याही नांवावर असो, स्त्रीला त्यांत राहण्याचा हक्क दिला आहे. अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आंत नेमावी असें त्यांत सांगितलें आहे. 1987 च्या कायद्यान्वयें स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो. अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावण्याचा यत्न व्हावा हें कलम पुष्कळदां कागदावरच राहतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. कोर्टाचा विलंब सोसणें भाग आहे. अर्ज देण्यांतील विलंब मात्र आपला आपण केलेला असतो.

एखाद्या कटु शब्दावरून कचेरीची पायरी चढावी, असें आम्ही सुचवीत नाहीं. आमचें मागणें लहान आहे. मुलीला पोंचवावयास निघण्यापूर्वीं बापानें तिला एकटीला बसवून विचारावें, ‘तुला जावयाचें आहे काय?’ आणि ती ‘नाहीं’ म्हणाली, तर तिची ट्रंक पुन्हा घरांत ठेवावी. लोक काय म्हणतील, हें मग बापानें सोसावें. त्याच्या वांट्यास आलेला सोशिकपणा तो हाच.